व्हरांड्यात रडायचं नाही

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार

मागून मागून जीभ झिजली तेव्हा आज व्हरांडा मिळाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, घ्या हिराबाई, तुमचा व्हरांडा आणि तुमच्या बाळंतिणी, फक्त माझ्यामागे कटकट नको. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या पोरांची खोली त्यांची आणि बाहेरचा व्हरांडा माझा.

खोलीत दोन पेट्या आहेत. भिवपुरीच्या सुताराने केलेल्या, वर काचेचं झाकण, खाली दिवे. सातव्या-आठव्या महिन्यात झालेली पोरं त्या उबेत ठेवायची. आयांना आत मज्जाव, जंतू जातात. आजवर या बाया दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून कपाळ बडवून घ्यायच्या. काळजीने दूध आटतं, आणि या पोरांना आईच्या दुधाशिवाय दुसरं काही पचत नाही. मागच्या महिन्यात क्वार्टर्समधली एक बाळंतीण आली होती. रडरड रडली, दूध गेलं, आणि पाठोपाठ पोरही गेलं. तेव्हाच मी साहेबांना म्हटलं होतं, पेटीतलं पोर जगणार की नाही हे बाहेर आई कशी बसली आहे त्यावर आहे.

तर माझे नियम. व्हरांड्यात रडायचं नाही. एकीचं दुःख दुसरीला सांगायचं नाही. पोराची खबर फक्त माझ्याकडून घ्यायची, आयाबाईंकडून नाही. मी दिवसातून दोनदा पोर खिडकीशी उचलून दाखवीन. बाकी वेळ वाटीत दूध काढून द्यायचं आणि टोपडी शिवायची.

सोनुबाई, आमची आत काम करणारी आयाबाई, फिदीफिदी हसली. म्हणाली, बाई, पोरासाठी रडणाऱ्या बाईला टोपडी शिवायला लावनार तुमी? मी म्हटलं, हो, लावणार. बघच तू.

११ नोव्हेंबर

व्हरांड्यात पहिली बाळंतीण आली ती बड्या घरची. कडावच्या भातगिरणीचे भिवाजीशेठ, त्यांची सून चंद्रभागा. आधीची दोन पोटात गेली. हा तिसरा, मुलगा, सातव्यात झालेला. रंग निळसर, रडणं मांजरीच्या पिल्लासारखं. खिडकीकडच्या पेटीत ठेवला.

सोबत सासू जानकीबाई आली आहे. पिण्याचं पाणी घरून आणते, आमच्या माठातलं चालत नाही. मी खालापूरची, कोणाची, हे तिने पहिल्याच दिवशी सोनुबाईकडून काढून घेतलं. मी ऐकलं आणि गिळलं. अशी पुष्कळ गिळली आहेत. व्हरांड्यात सगळ्यांसमोर ती सुनेला म्हणाली की या खेपेला घर भरलं नाही तर रामभाऊला दुसरी करून देऊ. रामभाऊ म्हणजे चंद्रभागेचा नवरा. सुनेचं तोंड कागदासारखं झालं. मी जानकीबाईंना बाहेर काढलं आणि दाराशी बसायला सांगितलं. भिवाजीशेठनी दवाखान्याला जीप दिली आहे, तेव्हा साहेबांना हे आवडलं नाही. मला काय त्याचं.

चंद्रभागेला दूध जेमतेम. वाटीचा तळही भिजत नाही. तिला म्हटलं, बाई, तू घाबरलीस की तुझं पोर उपाशी. ती आणखी घाबरली. हे जरा चुकलंच माझं.

१४ नोव्हेंबर, रविवार

पळसदरीच्या वरच्या वाडीतून परवा एक ठाकरीण आली, चिमा. नवरा जैतू, अंगावर एक चादर तेवढी. पोर टोपलीत, गवतावर, वर कांबळं. हे आठव्यातलं, मुलगाच. पण काय आवाज! व्हरांडा दणाणला. भिंतीकडच्या पेटीत ठेवताना माझं बोट धरलं त्याने.

पोराचं पोट उघडं करून बघते तर बेंबीच्या वर बिब्ब्याचे चटके, तीन, एका रांगेत. वाडीच्या सुईणीने दिलेले, दृष्ट लागू नये आणि पोट फुगू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं. इवल्याशा जिवाला भाजून काढता, माणसं आहात की कोण, असं मी चिमाला फाडफाड बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी जगवा, ताई. मी सांगाल ते आयकन."

आणि खरंच ऐकते. नर्सगिरीच्या इतक्या वर्षांत अशी बाळंतीण पाहिली नाही. रडत नाही, विचारत नाही, सुई कधी धरली नव्हती ती शिकली. दूध तर असं की वाटी भरून वर दुसरी. मी तिचे केस विंचरून दिले. उवा होत्या, पण दिले.

१८ नोव्हेंबर

पाचवीचा दिवस टळला होता, ती आज पुजण्यावरून तमाशा झाला. जानकीबाई म्हणते, पेटीतल्या पोराचं नशीब लिहायला सटवाई येणार कुठून, काचेतून? मला या गोष्टींचा तिटकारा आहे. बाबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले ते माझ्यासमोर. पण चंद्रभागेची छाती धडधडत होती, तेव्हा म्हटलं, करा. व्हरांड्यात पाटा मांडला. चिमाचीही पाचवी टळून गेली होती, तीही येऊन बाजूला बसली आणि तिनेही हात जोडले. जानकीबाईने आपला पाटा थोडा सरकवून घेतला.

पूजा झाल्यावर चंद्रभागा खरंच शांत झाली. मला यातून शिकायला मिळालं. खरं काय नि खोटं काय याचा काथ्याकूट आपण करू नये. जे ऐकून दूध येतं ते खरं.

२० नोव्हेंबर

चंद्रभागेचं दूध संपल्यात जमा. तिचं पोर दोनदा निळं पडलं, तळव्यावर टिचक्या मारून परत आणलं. आजपासून चिमाच्या दुधातलं थोडं त्यालाही ड्रॉपरने पाजायला सांगितलं आहे. चिमाला सांगितलं नाही आणि गिरणीवाल्यांना तर मुळीच नाही. ठाकरणीचं दूध म्हटलं की जानकीबाई पोराला विहिरीत घालील, पण पाजू देणार नाही. सोनुबाईला दम दिला आहे. ती म्हणाली, माझ्या तोंडाला कुलूप, बाई.

चिमाचं पोर मात्र भराभर भरतं आहे. काटा रोज वर.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

काल दिवसभर खालापूरला होते. नसबंदीचं शिबिर. तालुक्याचा आकडा भरायचा म्हणून साहेब, मी, कंपाउंडर, सगळ्यांना जीपमध्ये कोंबून नेलं. मी म्हटलं, पेट्यांत दोन पोरं आहेत. तर वरचे साहेब म्हणाले, पोरं कमी करायलाच तर चाललो आहोत, आणि हसले. दवाखान्यात एकटी सोनुबाई राहिली.

दिवेलागणीला परत आले तर सोनुबाई दारातच उभी. म्हणाली, बाई, ठाकरणीचं गेलं. दुपारी एकाएकी मान टाकली. नवशा झाडूवाल्याने नेऊन नदीकाठी पुरलंसुद्धा. मी म्हटलं, अगं, आम्ही येईपर्यंत तरी थांबायचं. तर म्हणाली, व्हरांड्यात कळलं असतं, तुमचाच नियम ना, एकीचं दुःख दुसरीला कळू द्यायचं नाही.

बरोबर होतं तिचं. मोरीत जाऊन रडले. एवढं दणकट पोर आणि ते जावं, आणि निळं पडणारं राहावं. आपल्या हातात काही नसतं हेच खरं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण मी माणसांना फार लवकर नावं ठेवते. नवशा सांगत होता की पोर जरीच्या काठाच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. फडकं जानकीबाईने दिलं. दुपारभर ती खोलीच्या दाराशी बसून पदर तोंडात कोंबून रडत होती म्हणे. ठाकरणीच्या पोरासाठी! आमच्या माठातलं पाणी न पिणारी बाई. माणुसकी कुठून कशी बाहेर येईल सांगता येत नाही.

चिमाला अजून सांगितलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

पहाटेपासून विचार केला आणि ठरवलं. चिमाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती वाडीवर जाईल, दूध जाईल, आणि राहिलेलं पोरही जाईल. मेलेल्याला आता काही मिळणार नाही, जगणाऱ्याला मिळेल. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा व्हरांडा आहे, आणि शेठनी विजेचं जनरेटर कबूल केलं आहे हे लक्षात असू द्या.

सकाळी खिडकीशी चिमा येऊन उभी राहिली. खिडकीकडच्या पेटीतलं पोर टोपड्यासकट उचललं आणि तिला दाखवलं. कापसात गुंडाळलेली ही पोरं, नाकडोळ्यांनी सगळी सारखीच. तरी वाटलं, आई आहे, ओळखेल. ती काचेला नाक लावून बघत राहिली. मग हसली. तोंडाने टक् टक् असा आवाज केला, शेळीला बोलावतात तसा, आणि पोराने तिकडे तोंड फिरवलं. पोर काय, कुठेही तोंड फिरवतं. पण ती किती खूश झाली. त्यानंतर वाटी काठोकाठ भरली.

दुपारी तेच पोर चंद्रभागेला दाखवलं. सकाळी एक, दुपारी एक. दोघींच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या. खिडकीवर पडदाही लावून घेतला.

मनाला लागलंच थोडं. पण या व्हरांड्यात आज कोणी रडत नाही, हे मी केलं आहे.

२७ नोव्हेंबर

आज सोनुबाईला झापली. सहसा पोरांचं दूध-लंगोट तीच करते, कारण साहेबांचा हुकूम आहे की कमीत कमी हात लागायला हवेत. आज ती उशिरा आली म्हणून मी लंगोट बदलायला घेतला, तर शेठच्या पोराच्या पोटावर भाजल्याच्या खुणा, बेंबीच्या वर. सोनुबाई धावत आली. म्हणाली, गरम पाण्याच्या पिशवीचं बूच लागलं बाई, माफी करा. मी म्हटलं, बूच काय तीन तीनदा लागतं होय गं? तर म्हणाली, पोर वळवळत होतं. निष्काळजी ती निष्काळजी, वर तोंड करून बोलते. जांभळं औषध लावलं आणि पोट झाकलं. जानकीबाईला दिसलं असतं तर जीप परत मागितली असती.

लावताना क्षणभर हात थांबला. काहीतरी मनात आलं होतं. काय ते आता आठवत नाही. झोप पुरी होत नाही हल्ली.

३ डिसेंबर

शेठच्या पोराने कमाल केली आहे. ते निळं पडणं नाही, मांजरासारखं रडणं नाही. आता रडलं की व्हरांडा दणाणतो. वजन तर असं उडी मारून वर गेलं की काटाच बिघडला असणार असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, चांगलं वजन आलं तर काट्याला दोष देऊ नये. हा सगळा चिमाच्या दुधाचा गुण. नाही म्हटलं तरी माझ्या व्हरांड्याचाही.

चंद्रभागेचं मात्र बिनसलं आहे. कोपऱ्यात बोलावून म्हणाली, "बाई, एक सांगू? त्याला बघून मला काहीच होत नाही. माझा आहे असं वाटतच नाही." रडायला लागणार तेवढ्यात मी हात धरून आत नेलं आणि चांगली सुनावली. दोन गेली, तिसरा देवासारखा वाचला, आणि म्हणे वाटत नाही. दूध आटलं की अशा बायांची माया आटते, पोर कुशीत आलं की सगळं ठीक होतं, असं सांगितलं. तिने डोळे पुसले. पटलं असावं.

पोर घरी गेलं की सोनुबाईही काम सोडून चालली. गिरणीवाल्यांकडे पोर सांभाळायला, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. अंगावर नवं लुगडं. हे सांगताना माझ्या पाया पडली, जे कधी केलं नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते असं. राबले मी, बक्षीस तिला.

१० डिसेंबर

मुंबईहून दवाखान्याच्या ट्रस्टचे पाहुणे आले. साहेबांनी माझा व्हरांडा दाखवला. चिमाला पुढे बोलावलं. पाहुण्या बाईंनी विचारलं, भीती वाटते का? चिमा म्हणाली, ताई हाय तर भ्या कशाचा. बाईंनी माझी पाठ थोपटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते व्हरांड्यात आलं म्हणून मीच मला रागावले.

१६ डिसेंबर, गुरुवार

आज सगळं उधळलं.

शेठचं पोर घरी न्यायचं ठरलं होतं. सकाळी चिमाला जैतूबरोबर बाजारात पाठवलं, टोपड्यांचं कापड आणायला. तोवर जीप लागली, चंद्रभागा पोर घेऊन बसली, जानकीबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि गेले. मी ठरवलं होतं की चिमाला सावकाश सांगायचं, गोड बोलून.

पण ती फाटकातच उभी होती. बाजारात गेलीच नव्हती. पोराचा आवाज ऐकून अर्ध्या वाटेवरून मागे फिरली होती. तिने जीप जाताना पाहिली. माझ्यापाशी येऊन विचारलं, माझा पोर त्या बाईच्या मांडीवर कसा? आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिला खोलीत नेलं, बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. की तुझा मागेच गेला. तुझं दूध जाऊ नये म्हणून मी तुला दुसऱ्याचं दाखवत होते. तू एक जीव वाचवलास, तुला पुण्य लागेल.

तिने पाणी प्यायलं नाही. म्हणाली, "नाय ताई. त्यो माजाच हाय. तुमीच दाविला ना रोज."

मी म्हटलं, दाखवला, पण तो खोटा होता. ती म्हणाली, पोर कुठं खोटा असतो काय? कोणी बघितलं मरताना, असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही सगळ्यांनी. ती उठली आणि चालू लागली, कडावच्या दिशेने. जैतू तिच्यामागे. मला थांबवता आली नाही.

इतके दिवस हसतखेळत ठेवलं आणि एका सकाळीत सगळं पाण्यात. मला तिचा राग येतो आहे. रागाखाली दुसरं काहीतरी आहे, ते काय ते मला बघायचं नाही.

२० डिसेंबर

कडावहून बातमी आली. चिमा गिरणीच्या दाराशी बसून आहे. आत पोर रडलं की ती बाहेरून टक् टक् करते. गिरणीच्या हमालांनी जैतूला मारलं, एक दात पाडला. वाडीवरची दहा-पंधरा माणसं जाऊन उभी राहिली तर फौजदार आला. त्याने जैतूला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा कडावात दिसलास तर उचलून शिबिरात नेईन आणि मोकळा करून पाठवीन, मग पुन्हा पोराचं नाव काढणार नाहीस. हल्ली कोणालाही गप्प करायचं तर हेच. वाडीवाले चिमाला ओढत परत घेऊन गेले.

नवशाला म्हटलं, निदान जागा तरी दाखव, तिला नेऊन दाखवू. तो नदीकाठी इकडेतिकडे हात करत राहिला. म्हणाला, सोनुबाईनं गुंडाळून दिला तसा पुरला, मी तोंड नाय पायलं. मग माझ्याकडे न बघता निघून गेला. दारू प्यायलेला असावा.

२७ डिसेंबर

साहेबांनी बोलावलं. भिवाजीशेठ बसले होते. म्हणाले, ती ठाकरीण पुन्हा दोनदा येऊन गेली. सून खोलीतून बाहेर येत नाही, पोर सोनुबाईकडेच असतं. शेठ मला अहो म्हणाले, आजवर कधी म्हणाले नव्हते. म्हणाले, तुमचं ती ऐकते, तुम्हीच समजावा, नाहीतर मला फौजदाराकरवी तिला आत टाकावी लागेल. साहेब म्हणाले, हिराबाई, तिला खात्री पटली पाहिजे. तुम्ही स्वतः पाहिलं असं सांगा.

मी म्हटलं, मी तर खालापूरला होते.

ते म्हणाले, तिला शांत करायचं आहे की तुमची हजेरी लावायची आहे?

बरोबर आहे. तिला आत टाकली तर काय होईल ते मला माहीत आहे. फौजदाराच्या हाती गेलेली ठाकरीण घरी परत येते ती तीच नसते. तिच्या भल्याचंच आहे.

३० डिसेंबर, गुरुवार

वाडीवर जाऊन आले. जीप पळसदरीच्या धरणापर्यंत, पुढे चढ. ऊन असूनही वारा बोचत होता.

चिमा झोपडीबाहेर बसली होती. पुढ्यात मातीचं भांडं, त्यात ती दूध काढत होती. भरलं की पळसाच्या मुळाशी ओतते. जैतू म्हणाला, रोज काढते, आटू नये म्हणून, पोर आला की लागेल म्हणते. त्याच्या तोंडात दाताच्या जागी काळं झालं होतं. मला बघून तो उठून आत गेला.

चिमा मात्र हसली. माझ्यासाठी कांबळं झटकून टाकलं. मी तिच्याजवळ बसले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिनेच विचारलं.

"ताई, बाकी कुनाचा मी आयकत नाय. तुमी सांगा. तुमी सोता पायला काय त्याला मरताना?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या हातांत गेला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली नाही. उलट पुढे सांगितलं, कारण अर्धवट सांगितलं तर माणसाला पटत नाही. म्हटलं, दुपारची वेळ होती. दूध प्यायला, तुझंच दूध, पोटभर. मग माझं बोट धरलं आणि डोळे मिटले. त्रास झाला नाही. मी त्याला जरीच्या फडक्यात गुंडाळला.

"रडला काय?"

"नाही. शांत होता."

तिने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग खरा. तुमी खोटा बोलायच्या नाय." आणि म्हणाली की तिला त्या पोराला बघून इतकं आपलं वाटत होतं की ती येडी झाली होती, गिरणीवाल्या बाईला तिने फार तरास दिला, तिची माफी मागितली म्हणून सांगा. मग ती आडवी पडून रडली. असं रडणं मी दवाखान्यात ऐकलेलं नाही. जैतू दारात येऊन उभा राहिला आणि परत आत गेला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आतून वाटत होतं की उठून पळावं, पण बसले. हे काम अर्धवट टाकून चालत नाही.

हळूहळू ती थांबली. आता मी कडावला नाय जायाची, असं आपणहून म्हणाली. मी तिला उठवून बसवलं. लुगड्याचा जुना तुकडा मागितला, चार पदरी करून छातीवरून आवळला आणि पाठीमागे गाठ मारली. म्हटलं, सोडू नकोस, आता दूध काढायचंही नाही, दोन-तीन दिवस ठणकेल आणि मग आटेल. तिने मान हलवली. माझं ती सगळं ऐकते.